घाम, त्वचा आणि तिची निगा : मत्रह येथील अनुभव

(महिला मंडळाच्या उन्हाळी सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



मंडळाने आरोग्यविषयक व्याख्यानासाठी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘घाम’ असे कळविले. हा विषय काहींना किरकोळ वाटला असेल. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आपल्या सभागृहात नामवंत डॉक्टर बोलून गेले आहेत. परंतु घामामुळे होणाऱ्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आपण सहसा डॉक्टरांकडे जात नाही. शेजारीण सांगते ते मलम लावतो, पावडर थापतो, साबणाने अंग खसाखसा घासतो. त्यातून साधी तक्रार हट्टी होऊन बसते आणि क्वचित जिवावरही बेतते. माझे सांगणे थोडक्यात असे की, घाम येणे हे शरीराचे संरक्षण आहे. तो त्वचेवर साचून राहिला, अथवा तो काढण्याच्या भरात आपण त्वचाच सोलून काढली, तर अपाय होतो. आणि कडक उन्हाळ्यात ज्याची त्वचा घामच काढीनाशी झाली, त्याची चिंता सर्वांत आधी करावी.

आपल्या पवित्र ग्रंथांत घामाचा उल्लेख दोन ठिकाणी येतो. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या कष्टाच्या भाकरीशी त्याचा संबंध जोडला आहे. दुसरा उल्लेख यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४४ व्या अध्यायात आहे. तेथे मंदिरात सेवा करणाऱ्या याजकांनी तागाची वस्त्रे परिधान करावीत, घाम आणणारे काही अंगावर घालू नये, अशी आज्ञा आहे. ऋतुमान पाहून वस्त्र निवडावे, ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नाही, एवढेच यावरून सुचवावेसे वाटते.

या विषयाचे माझे खरे शिक्षण ओमानमधील मत्रह या गावी झाले. मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन काही वर्षे नोकरी केल्यावर १९७९ साली मी तेथे गेले. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आल्यानंतर त्या देशात रुग्णालये झपाट्याने उभी राहू लागली आणि भारतातून परिचारिका मोठ्या संख्येने जाऊ लागल्या. त्यापूर्वी मत्रहमध्ये अमेरिकन मिशनचे रुग्णालय होते व डॉ. वेल्स थॉम्स यांनी तेथे अनेक वर्षे सेवा केली होती. त्यांचे नाव माझ्या काळीही म्हातारी माणसे आदराने घेत. तेथे आपले प्रार्थनालय नव्हते. शब्बाथचा दिवा मी माझ्या खोलीतच लावीत असे.

मत्रह हे मस्कतचे जुने बंदर आहे. पुढे समुद्र आणि मागे काळपट, उघडेबोडके खडकाळ डोंगर. दिवसभर तापलेले ते डोंगर रात्रभर उष्णता बाहेर टाकीत राहतात आणि समुद्रावरची दमट हवा त्या उष्णतेत मिसळते. इराणकडील शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर्रझाक समरकंदी हा १४४२ साली कालिकतकडे निघाला असता ओमानच्या किनाऱ्यावरील उष्म्याने आजारी पडला होता. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर मस्कतच्या आग्नेयेस असलेल्या कुरय्यात या गावी २६ जून २०१८ रोजी पूर्ण चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरले नाही. अशा हवेत बंदरावर, बांधकामावर आणि बाजाराच्या चिंचोळ्या गल्ल्यांत ओझी वाहणारी माणसे आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येत. जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांतील कितीतरी जण अंगावरचा सदरा काढून पाठ दाखवीत.

आता घाम म्हणजे काय, ते पाहू. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रवात सुमारे ९९ टक्के पाणी, थोडे मीठ, अल्प प्रमाणात युरिया व लॅक्टेट असते. या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत व जांघेत निराळ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव किंचित स्निग्ध असतो, आणि त्वचेवर राहणारे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी येते. घामातील लॅक्टेट त्वचेचा ओलावा टिकविण्यास मदत करते. शिवाय २००१ साली जर्मन संशोधकांनी घामात ‘डर्मसिडिन’ नावाचे प्रथिन शोधून काढले, ते काही जिवाणूंचा नाश करते. तेव्हा घाम म्हणजे शरीराबाहेर पडणारी घाण, ही समजूत सोडून द्यावी.

घामाचे मुख्य काम शरीर थंड ठेवण्याचे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो बरोबर घेऊन जातो. परंतु तो वाफ होऊनच गेला पाहिजे. टपटप गळून गेलेला घाम शरीर थंड करीत नाही, त्यात पाणी आणि मीठ मात्र वाया जाते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे इस्राएलमध्ये आहेत. बेरशेबा वा दिमोनाच्या कोरड्या हवेत घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो. आपल्याला घाम आलाच नाही असे वाटते, पाणी पिण्याचे भान राहत नाही, आणि त्वचेवर मिठाचा सूक्ष्म थर राहून ती खाजते. अश्दोदला, आपल्या अलिबाग-मुंबईला किंवा मत्रहला हवाच ओलसर, त्यामुळे घाम उडत नाही, अंगावर साचतो. कोरड्या प्रदेशात त्वचा फुटू नये म्हणून जपावे लागते, तर दमट प्रदेशात ती सतत भिजून कुजू नये म्हणून.

धुणे-भांडी करून बोटांची कातडी कशी पांढरी व सुरकुतलेली होते, हे आपण पाहतो. घामाने सतत भिजलेल्या अंगाचेही तसेच होते. त्वचेचा वरचा मृत पेशींचा थर फुगतो आणि घर्मनलिकांची तोंडे बुजतात. आत घाम तयार होत राहतो, त्याला वाट मिळत नाही, आणि तो आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो. हेच घामोळे. अडथळा अगदी वर असेल तर पाण्याच्या थेंबांसारखे बारीक फोड येतात. ते खाजत नाहीत आणि दोन दिवसांत जातात. अडथळा थोडा खोल असेल तर लाल पुरळ उठतो आणि सुया टोचल्यासारखे होते. तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तिसरा प्रकार आणखी खोल असतो. त्यात लाली नसते, खाज नसते. केवळ काटा आल्यासारखे कातडीच्या रंगाचे बारीक उंचवटे दिसतात, आणि तेवढ्या भागाचा घाम बंद झालेला असतो.

हा तिसरा प्रकार मी मत्रहमध्ये प्रथम पाहिला. खेड-दापोलीकडचा एक तरुण वेल्डर ऑगस्ट महिन्यात आमच्याकडे आला. माझे मराठी ऐकून त्याला धीर आला. “सिस्टर, घामोळे बरे झाले, पण अंगात बळ राहिले नाही. थोडे काम केले की चक्कर येते, श्वास लागतो,” असे तो म्हणाला. दोन महिने त्याचे सारे अंग घामोळ्यांनी भरलेले होते. आता खाज थांबली होती, म्हणून तो समाधानी होता. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि मलाही ठेवण्यास सांगितले. भर दुपारची वेळ होती, तो उन्हातून चालत आला होता. चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि पाठ, पोट, दंड सुक्या कागदासारखे कोरडे होते. ताप १०२ अंश होता. अंगाच्या मोठ्या भागाचा घामच बंद पडल्याने त्याच्या शरीरातील उष्णता बाहेर पडेनाशी झाली होती. तसाच कामावर गेला असता तर त्याला उष्माघात झाला असता.

त्याला औषध असे फारसे दिले नाही. थंड खोलीत ठेवले, साध्या पाण्याने अंग पुसले, भरपूर पाणी दिले. तिसऱ्या दिवशी त्याचा मुकादम न्यायला आला. तो तरुणही जायला उत्सुक होता, कारण पगार कापला जाण्याची आणि परत गावी धाडले जाण्याची भीती त्याच्या मनात होती. घरी आई आणि लग्नाची बहीण होती. बुजलेल्या घर्मनलिका मोकळ्या होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. वरची कातडी झडून नवी यावी लागते आणि तेवढ्या काळात पुन्हा घाम येऊ न देणे हाच उपचार असतो. डॉक्टरांनी मुकादमाला बसवून हे समजाविले आणि महिनाभर सावलीतले, गोदामातले काम द्यावे, असे लेखी दिले. ते मान्य झाले. चौथ्या आठवड्यात तो तपासणीस आला तेव्हा पाठीवर दव पडल्यासारखा बारीक घाम आला होता. आता ओमानमध्ये जून ते ऑगस्ट या काळात दुपारी १२.३० ते ३.३० उघड्यावरील काम कायद्याने बंद असते. आपल्याकडे रस्त्यावर, गच्चीवर, छपरावर काम करणाऱ्यांना असे संरक्षण नाही. आपल्या घरी रंगाचे वा दुरुस्तीचे काम चालू असेल, तर त्या माणसांना दुपारी सावली आणि पाणी देणे आपल्या हाती आहे.

दुसरी मोठी तक्रार कातडीच्या घड्यांची. काख, स्तनांखालचा भाग, पोटाची वळी, जांघ, बोटांच्या बेचक्या, या ठिकाणी घाम वाळत नाही आणि कातडीवर कातडी घासते. प्रथम लाली, मग सोलवटणे, मग चिरा. तेथे बुरशी शिरली की जांघेत गजकर्ण, बोटांत चिखल्या, आणि पाठीवर-मानेवर फिकट डागांची शिबे उठतात. मधुमेही व्यक्तीला घड्यांत वारंवार लाल, ओलसर चट्टा उठत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येक स्त्रियांचा मधुमेह अशा चट्ट्यांवरूनच उघडकीस आलेला मी पाहिला आहे. स्तनांखालचा चट्टा संकोचाने लपवून ठेवणाऱ्या भगिनी अजूनही पुष्कळ आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की, परिचारिकेला वा डॉक्टरांना यात नवल असे काही नसते.

येथे एक गंभीर सूचना करते. दुकानदाराला विचारून आणलेल्या ‘खाज-खरूज-गजकर्ण’ मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. ते लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि आपण खूश होतो. खाली बुरशी मात्र निर्धास्त पसरते, कारण तिच्याशी झगडणारी शरीराची प्रतिक्रियाच आपण दाबलेली असते. मलम थांबविले की दुप्पट मोठा चट्टा उठतो. सतत वापराने कातडी पातळ होऊन जांघेत पांढरे वण पडतात, ते पुसले जात नाहीत. गेल्या काही वर्षांत भारतभर गजकर्ण इतके चिवट होण्यामागे हे एक मोठे कारण मानले जाते. २०१८ साली सरकारने अशी स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, तरी घरोघर जुन्या नळ्या पडलेल्या असतात. त्या टाकून द्याव्यात. बुरशीचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस, चट्टा दिसेनासा झाल्यावरही, चालू ठेवावे. घरात एकाला गजकर्ण असेल तर पंचा, अंतर्वस्त्रे आणि चादर वेगळी ठेवावी, गरम पाण्यात धुवावी व उन्हात वाळवावी.

आता घाम येऊन गेल्यावर काय करावे, ते क्रमाने सांगते. बाहेरून आल्यावर प्रथम ओले कपडे उतरवावेत. पंख्याखाली ते अंगावरच वाळू देऊ नयेत. घाम निवू द्यावा, मग आंघोळ करावी, असे आपल्या आज्या सांगत. दहा मिनिटे सावलीत बसण्यास माझी हरकत नाही, कारण अंग तापलेले असताना आंघोळ केली तर बाहेर येऊन पुन्हा घामच येतो. मात्र कोणाला उष्माघात झाला असेल तर एक क्षणही थांबू नये, तत्काळ अंगावर पाणी ओतावे.

आंघोळीचे पाणी थंड वा कोमट असावे. मत्रहमध्ये उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी चटका बसावा इतके तापे. म्हणून आम्ही घरातला गीझर बंद ठेवून त्याच्या पोटातले सावलीतले पाणी वापरीत असू, किंवा रात्रीच बादल्या भरून ठेवीत असू. आपल्याकडे गच्चीवर काळ्या टाक्या आहेत, त्यांनाही ही युक्ती लागू पडते. कडकडीत पाणी त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धता धुऊन नेते.

साबणाविषयी विशेष सांगावयाचे आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. साबण लावल्यावर त्वचेची आम्लता पूर्ववत होण्यास काही तास जातात, आणि त्या काळात जिवाणूंना व बुरशीला मोकळे रान मिळते. दिवसातून तीन वेळा आंघोळ करा, परंतु साबण एकदाच, आणि तोही काख, जांघ व पाय एवढ्याच ठिकाणी पुरे. उरलेल्या अंगाला पाणी बस आहे, कारण मीठ पाण्यात विरघळते. घामोळ्यांवर घासणी, वज्री, उटणे काही चालवू नये. जंतुनाशक द्रव पाण्यात मिसळण्याचीही आवश्यकता नाही. त्याने कित्येकांच्या अंगाची आग झालेली मी पाहिली आहे. नंतर मऊ सुती पंचाने अंग टिपून घ्यावे, पुसताना रगडू नये. घड्या आणि पायांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच कपडे घालावेत. ही दोन मिनिटे आपण घाईत टाळतो आणि मग महिनाभर मलमे लावीत बसतो. घामोळ्यांची खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन लावावे आणि थंड जागी राहावे.

तेलाविषयी बोलले नाही तर आपण मला बेने इस्राएल म्हणणार नाही. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. घाणा चालविणे हा आपला पिढीजात व्यवसाय होता, आणि अंगाला खोबरेल तेल चोळणे हे आपल्याला आईच्या मायेइतके जवळचे आहे. तरीही दमट उन्हाळ्यात, घामेजलेल्या वा घामोळे आलेल्या अंगावर तेल लावू नये. आधीच अरुंद झालेली घर्मनलिकांची तोंडे त्याने अधिक बुजतात. तेच तेल थंडीत, किंवा दिवसभर वातानुकूलित कार्यालयात बसून कोरड्या झालेल्या हातापायांना, आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असताना लावले तर उत्तम काम करते. दिमोनाच्या नातेवाइकांनी खुशाल लावावे. अश्दोदच्यांनी ऑगस्टमध्ये आवरते घ्यावे.

पावडरीचेही तसेच. कोरड्या अंगावर हलका हात फिरविला तर बिघडत नाही, परंतु ओल्या घडीत थापलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात आणि त्या वाळूसारख्या घासतात. तान्ह्या बाळाच्या मानेत व जांघेत पावडर भरू नये. ती श्वासावाटे छातीत जाण्याचा धोका असतो. बाळाला बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यांत गुंडाळून ठेवण्याची आपली रीत मे महिन्यात त्याच्या अंगावर घामोळे आणते. मलमलीचे एक झबले त्याला पुरे.

कपड्यांचा धडा मी ओमानी लोकांकडून घेतला. तेथील पुरुष गळ्यापासून घोट्यापर्यंत सैल, पांढरा, सुती दिशदाशा घालतात आणि आत सुती वस्त्र गुंडाळतात. अंग झाकलेले राहते, ऊन थेट लागत नाही, आणि आत हवा खेळती राहते. आपली तरुण मुले मात्र कृत्रिम धाग्याच्या घट्ट विजारी घालून लोकलच्या गर्दीत उभी राहतात आणि जांघेतील गजकर्ण घेऊन येतात. याजकांच्या तागाच्या वस्त्रांची आज्ञा मी त्यांना आठवून देते.

शेवटी वडीलधाऱ्या मंडळींविषयी. वयपरत्वे घर्मग्रंथी मंदावतात आणि तहानही कमी लागते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, सर्दी-खाजेची काही औषधे, मनोविकारावरील काही औषधे यांनी धोका आणखी वाढतो. बिरड्याच्या सणाचा उपवास ऐन जुलै-ऑगस्टमध्ये येतो. दरफाळणीचा सणही कित्येकदा उकाड्यातच येतो. त्या दिवशी पाणी वर्ज्य आणि स्नानही वर्ज्य. मधुमेही, हृदयरोगी आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग हझानसाहेबांशी बोलावे. जीव वाचविणे हे आपल्या धर्मात जवळजवळ सर्व आज्ञांच्या वर मानले आहे. उपवास करणाऱ्यांनी आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, सुती कपडे घालावेत, दुपारी सावलीत राहावे.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. घामोळ्यांत पू होऊन ताप येणे. उष्म्यात अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, मग त्वचा कोरडी असो वा घामेजलेली. छातीत दुखून थंड घाम सुटणे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याला एकाएकी घाम फुटून थरथर होणे. आणि आठवडेच्या आठवडे रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येणे. यांतील शेवटचे सोडून बाकी सर्व ठिकाणी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मधुमेही शुद्धीवर असेल तर आधी तोंडात साखर घालावी. शेवटच्या लक्षणासाठी आठवडाभरात तपासणी करून घ्यावी.

सभा संपल्यावर ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे, भगिनींनी विशेषतः संकोच करू नये. एक विनंती मात्र आजच अमलात आणावी. आज रात्री घरातील वडील माणसांच्या आणि लहान मुलांच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा. भर उकाड्यात ती पाठ कोरडी आणि तापलेली लागली, तर मी काय सांगितले ते आठवावे.